सहा जण, एक सायकल

विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या डोंगरातल्या सायकलीबद्दल ही बाई या वयात काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. मी ती सायकल चालवलेली नाही आणि चालवणारही नाही. पण एकाच सायकलीबद्दल सहा माणसांची सहा मतं मी जवळजवळ दोन महिने ऐकत होते. चौतीस वर्षं पेपर तपासलेत मी. एका प्रश्नाची सहा वेगळी उत्तरं पुढ्यात आली की हात लाल पेनाकडे जातोच.

आधी जागा सांगते. २०२५ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने लेकीकडे जर्मनीत होते, फ्रायबुर्गला. ब्लॅक फॉरेस्ट म्हटलं की आपल्याला बेकरीतला केक आठवतो, पण ते खरोखरीचं जंगल आहे आणि हे गाव त्याच्या पायथ्याशी आहे. लेकीची गल्ली संपली की चढ सुरू. जवळच्या टेकडीचं नाव रॉसकॉप्फ, म्हणजे घोड्याचं डोकं. उंची ७३७ मीटर. मोठा डोंगर तो शाउइन्सलांड, १२८४ मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलं तर साधारण आपल्या सिंहगडाएवढा. सुट्टीच्या दिवशी अर्धं गाव या डोंगरांत असतं, आणि त्यातले निम्मे सायकलवर.

आणखी एक खुलासा. आपल्याकडे बाईक म्हटलं की फटफटी. तिकडे बाईक म्हणजे सायकलच. माउंटन बाईक म्हणजे जाड टायरची, पुढेमागे स्प्रिंगा असलेली, दगडधोंड्यांतून न्यायची सायकल. तिला पायडलांपाशी मोटार बसवली की ती ई-माउंटन बाईक. मोटार आहे म्हणून फटफटीसारखं नुसतं बसून चालत नाही बरं का. पाय मारले तरच मोटार मदत करते, आणि पायांचा जोर मोजून त्या प्रमाणात करते. ताशी २५ किलोमीटर झाले की मदत बंद. मग तुम्ही आणि तुमचे पाय. म्हणून कायद्याच्या लेखी ती सायकलच. लायसन नको, नंबरप्लेट नको.

जावयांचा एक शनिवारचा कंपू आहे. सहा जण. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून शाळेतल्या सवयीने मी टोपणनावं ठेवली. सर्वांना गोळा करून वेळेवर निघायला लावणारे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, ते मॉनिटर. विजेचे इंजिनिअर ते वायरमन. दातांच्या डॉक्टर आहेत, वय ६३, त्या डॉक्टरीणबाई. चोवीस वर्षांचा विद्यार्थी तो बारक्या. पाचवे सुतारकाका, ते खरोखरच सुतार आहेत. आणि सहावे आमचे जावई.

जावई मूळचे कोल्हापूरचे, वय ५२. २०२३ च्या दिवाळीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन स्टेंट घातले. पुढे डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली, पण ठोक्यांचा एक आकडा ठरवून दिला. मनगटावरच्या घड्याळात बघायचं, आकड्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. साध्या सायकलीवर डोंगर चढायचा तर तो आकडा पहिल्या वळणावरच ओलांडला जाई. त्यामुळे दीड वर्ष ते फक्त नदीकाठच्या सपाट रस्त्यावर जात होते. शनिवारी सकाळी कंपू गल्लीतून वर गेला की हे गॅलरीत कॉफीचा कप घेऊन उभे. मी गेल्यावर पहिल्याच शनिवारी ते पाहिलं आणि पोटात कालवलं. बोलले मात्र नाही. जावयांना काय बोलणार?

कंपू चांगला. परतताना सगळे लेकीच्या बागेत थांबायचे, जावयांना वगळल्यासारखं वाटू नये म्हणून. मी चहा आणि चिवडा ठेवायची. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाणारी माणसं जगात सगळीकडे असतात हे तिथे कळलं. बोलणं थोडं इंग्रजीत, बाकीचं लेक मराठीत सांगे.

तर जूनमध्ये मॉनिटरनी नवी सायकल घेतली आणि वादाला तोंड फुटलं.

सायकलीचं नाव ॲम्फ्लो पीएल. लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारे उडते कॅमेरे तुम्ही पाहिले असतील. तसले ड्रोन बनवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी म्हणजे चीनच्या शेन्झेनची डीजेआय. तिने जुलै २०२४ मध्ये फ्रँकफर्टच्या सायकल प्रदर्शनात आपली पहिली सायकलची मोटार आणली, ॲव्हिनॉक्स नावाची, आणि त्याच मोटारीची ही सायकल. ज्यांनी आजवर सायकलीचा एक नट बनवला नव्हता, त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना मागे टाकलं. मोटारीचं वजन अडीच किलो. जोर १०५ न्यूटन-मीटर, बूस्ट नावाचं बटण दाबलं की १२०. त्या वेळी तिथल्या नामांकित बॉशच्या मोटारीचा होता ८५. अख्खी सायकल वीस किलोच्या आसपास, जी या प्रकारात हलकी समजतात. किंमत साडेसहा हजार युरोंपासून सुरू, वरचं मॉडेल दहा हजारांच्या घरात. रुपयांत मी मुद्दाम सांगत नाही, मला तेव्हा ठसका लागला होता.

मॉनिटरचं मत अर्थातच आकड्यांत. किती मिनिटांत वर, किती टक्के बॅटरी उरली. बूस्टला ही मोटार १००० वॅट देते, हे तर ते चहाचा घोट घेतल्यासारखं दर पाच मिनिटांनी सांगत. मी वायरमनना विचारलं, १००० वॅट म्हणजे किती हो? त्यांनी सांगितलेला हिशेब मला आवडला. साधा धडधाकट माणूस तासभर पायडल मारतो तेव्हा १०० ते १५० वॅट देतो. टूर द फ्रान्समधले कसलेले गडी घाटात ४०० च्या आसपास. म्हणजे बटण दाबलं की तसले दोन गडी मागून ढकलताहेत, आणि वर अजून कोणीतरी हात लावतोय. मॉनिटरचं पोट पाहता हे दृश्य डोळ्यांसमोर आणू नका.

वायरमनना सायकल आवडली होती. मोटार आवाज करत नाही, ताकद झटका न देता येते, दांडीतल्या छोट्या पडद्यावर सगळं दिसतं, दीड तासात बॅटरी पाऊण भरते. खोडी एकच काढली, बॅटरी सहज बाहेर काढता येत नाही, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने चार्जिंगसाठी अख्खी सायकल वर न्यावी. पण त्यांची खरी काळजी कायद्याची. युरोपच्या नियमात २५० वॅटची मर्यादा आहे. मग हे १००० कुठून आले? तर ते २५० म्हणजे मोटार न तापता सतत देऊ शकेल ती ताकद. क्षणभर किती द्यावी यावर बंधन नाही. आणि चढावर ताशी २५ चा वेग कोण गाठतो? म्हणजे वेगाची मर्यादा तिथे असून नसल्यासारखी. या फटीतून सगळी शर्यत आत आली. २०२५ मध्ये जर्मनीतल्या सायकल उद्योगाच्या संघटनेनेच सुचवलं की क्षणिक ताकदही ७५० वॅटवर थांबवावी. त्याच उन्हाळ्यात बॉशनेही आपली मोटार ७५० वॅट आणि १०० न्यूटन-मीटरपर्यंत वाढवली! वायरमन म्हणत, असंच चाललं तर उद्या सरकार म्हणेल ही सायकल नाही, मोपेड आहे. मग ज्यांची मोटार साधी आहे त्यांनाही जंगल बंद.

ही भीती उगाच नव्हती. त्या राज्यात जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकल न्यायला कायद्याने मनाई आहे. सायकलवाल्यांनी वर्षानुवर्षं खटपट करून मोजक्या वाटा मोकळ्या करून घेतल्यात. त्यातली एक रॉसकॉप्फवरून खाली उतरते. चालणारे लोक आधीच कातावलेले. त्यात कोणी चढावरून भरधाव वर येऊ लागलं की तक्रारी वाढणार. बारक्याचा मुख्य मुद्दा हाच.

बारक्याचा दुसरा मुद्दा मात्र तरुण वयाचा. तो म्हणे ही फसवणूक आहे. उतार हा चढाचा पगार आहे, चढलाच नाहीत तर उतरायचा हक्क काय? बिनमोटारीच्या सायकलीला ही मुलं ‘बायो-बाईक’ म्हणतात. मला गावरान अंडी आणि सेंद्रिय गुळाची आठवण झाली. साध्या वस्तूला साधी म्हणायची वेळच जाते एकदा. २०२३ मध्ये जर्मनीत साध्या सायकलींपेक्षा मोटारीच्या सायकली जास्त खपल्या, साधारण १९ लाखांना २१ लाख. तेव्हा बारक्याची बाजू अल्पमतातली, आणि म्हणूनच मला त्याच्याबद्दल माया. मॉनिटरनी त्याला एका शनिवारी सायकल दिली. गडी तेवढ्या वेळात तीनदा वर जाऊन तीनदा खाली आला. चेहरा असा फुललेला की काय सांगू. आवडली का विचारलं तर म्हणाला, “फार आवडली. म्हणूनच वाईट आहे.” (या उत्तराला मी पैकीच्या पैकी दिले.)

फसवणुकीच्या मुद्द्यावर डॉक्टरीणबाई उसळल्या. त्यांचा एक गुडघा बदललेला. सहा वर्षांपासून त्या कमी ताकदीची मोटारीची सायकल चालवतात. त्यांचं म्हणणं, “मी घेतली तेव्हा तुम्ही सगळे हसलात. पेन्शनरांची सायकल म्हणालात. आता याने हजार वॅट आणले तर ती म्हातारपणाची काठी नाही, तंत्रज्ञान झालं!” सगळे चिवड्यात बघू लागले. सायकल म्हणून त्यांना ॲम्फ्लो पसंत नव्हती. सुट्या खडीच्या चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि आपण चालवतोय की आपल्याला चालवलं जातंय ते कळत नाही, असं त्या म्हणाल्या.

ही चिडवाचिडवी जुनीच आहे. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज गिअरच्या विरुद्ध होते. गिअर म्हणजे वय झालेल्यांची सोय, खऱ्या मर्दाने एकाच दात्यावर डोंगर चढावा, अशी त्यांची वृत्ती. त्या शर्यतीत गिअर बदलण्याची यंत्रणा वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, त्यांच्या हातून कारभार गेल्यावर. आज बारक्याच्या ‘बायो’ सायकलीला दहाबारा गिअर आहेत आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही. गंमत म्हणजे डोंगरात सायकल हाणायचा हा खेळ जिथे नावारूपाला आला, त्या कॅलिफोर्नियात १९७६ च्या सुमारास ती पोरं उतारावर शर्यती लावायची आणि वर जाताना सायकली सरळ ट्रकमध्ये टाकायची. पगार आगाऊच घ्यायची म्हणा ना!

आणि मी? ऑगस्टमध्ये मी शाउइन्सलांडवर गेले ती केबल कारने. १९३० पासून चालू आहे ती. साडेतीन किलोमीटरहून लांब दोर, ७४६ मीटर चढण, वीसेक मिनिटं. मांडीवर पर्स ठेवून बसले होते. वर उतरल्यावर एकानेही फसवणूक म्हटलं नाही. उलट हात धरून उतरवून घेतलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लोक माफ करतात. बावन्नाव्या वर्षी नाही करत.

त्या दिवसाचं जरा सविस्तर सांगायला हवं. जावई दीड वर्षांनी पहिल्यांदा कंपूबरोबर डोंगरावर येणार होते, भाड्याने आणलेल्या जुन्या मोटारीच्या सायकलीवर. मी आणि लेक केबल कारने आधी वर जाऊन बसलो. वर गार वारं, समोर पश्चिमेला दूर फ्रान्समधले डोंगर निळे निळे. पहिले मॉनिटर आले. घाम नाही, धाप नाही. दहा मिनिटं थांबले, घड्याळ पाहिलं, बॅटरी पाहिली, म्हणाले अजून एक फेरी होईल, आणि दुसऱ्या बाजूने उतरून गेले. मग वायरमन. मग डॉक्टरीणबाई. मग बारक्या, लालबुंद. मग बराच वेळ कोणीच नाही. लेकीने फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिने चहा पुढे ओढला आणि तसाच ठेवला. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्या दिवाळीच्या रात्री ती फोनवर माझ्याशी कशी बोलली होती ते मला आठवत होतं.

चाळीस मिनिटांनी दोघे आले. सुतारकाका साध्या सायकलीवर आणि त्यांच्या बाजूला जावई. झालं होतं असं की सुरुवातीला जावयांनी मॉनिटरच्या मागे लागायचा प्रयत्न केला. मोटार होती तरी पाय जोरात मारले आणि घड्याळातला आकडा वर गेला. मग शहाणपणाने थांबले, एका पडलेल्या ओंडक्यावर बसले. मागून सुतारकाका आले, तेही उतरले, शेजारी बसले. फोन सायकलच्या पिशवीत. एवढंच. काही झालं नाही. पण लेक त्या रात्री जेवली नाही.

नंतर तिने शोधून काढलं की अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०१९ मध्ये ३३ माणसांना साध्या आणि मोटारीच्या अशा दोन्ही डोंगरी सायकलींवर एकाच वाटेवरून फिरवून त्यांचे ठोके मोजले होते. मोटारीच्या सायकलीवर ठोके साध्या सायकलीच्या ९४ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे फारसे कमी नाहीत! लोकांना मात्र श्रम बरेच कमी झाल्यासारखे वाटले. हे वाचून लेक म्हणाली, “मग तर जास्तच धोका. कळणारच नाही यांना.” जावई म्हणाले, “अगं, ते लोक जोरात गेले म्हणून. हळू गेलं तर तसं होणार नाही.” दोघांचंही बरोबर होतं, आणि अशी भांडणं मिटत नाहीत.

मला मात्र त्या दिवशी वर बसल्या बसल्या एक गोष्ट दिसली. ही सगळी मतं सायकलीबद्दल आहेत असं ते समजत होते, पण प्रत्येकाच्या मतात कोण कोणासाठी थांबतं हेच होतं. डॉक्टरीणबाई चिडल्या होत्या कारण सहा वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी कोणी थांबेना म्हणून त्यांना मोटार घ्यावी लागली. बारक्याला भीती की आता सगळे पुढे जातील आणि तो एकटा धापा टाकत येईल. पूर्वी सहाही जण पायांवरच होते तेव्हा पुढचा आणि मागचा यांच्यात दहा मिनिटांचा फरक. दहा मिनिटं माणूस हसतखेळत थांबतो. चाळीस मिनिटं कोण थांबेल? मॉनिटर वाईट माणूस नाही. पण त्या यंत्राने त्यांना इतकं लवकर वर पोचवलं की थांबणं हा शिक्षेसारखा वेळ झाला.

आमच्या वेळची गोष्ट सांगते. मी सांगलीजवळच्या एका खेड्यात शिकवायला होते. सहा किलोमीटर, रस्ता सपाट, पण आषाढात समोरून असा वारा की सायकल जागच्या जागी. आम्ही पाच शिक्षक एकत्र जायचो. ओढ्याच्या पुलावर थांबायचं, सगळे आले की पुढे, असा नियम होता, कोणी केलेला नव्हता. मग आमच्यातल्या गणिताच्या सरांनी लुना घेतली. लुना तुम्हाला आठवत असेल, १९७२ पासूनची, पायडल असलेली छोटी मोपेड. बंद पडली की पायडल मारत न्यायची. म्हणजे विजेऐवजी पेट्रोलवरची हीच कल्पना की! सर आता पंधरा मिनिटांत शाळेत पोचायचे. पण आमच्या वह्यांचे गठ्ठे आणि डबे ते रोज आपल्या लुनावर घेऊन जात. सहामाहीच्या वेळी चाळीस-चाळीस वह्यांचे पाच गठ्ठे, वर पाच डबे, आणि मधे सर. लांबून पाहिलं तर चालता फिरता भंगारवाला. एकदा पावसात माझी चेन तुटली तेव्हा लुनाच्या कॅरिअरला दोरी बांधून त्यांनी मला शाळेपर्यंत ओढत नेलं. पोरं फाटकात उभी राहून टाळ्या वाजवत होती. मुख्याध्यापक नव्हते तेवढं बरं.

तर मोटारीला माझा विरोध नाही. डॉक्टरीणबाई त्या मोटारीमुळे जंगलात परतल्या, हे मला बारक्याच्या तत्त्वापेक्षा मोठं वाटतं. पण १००० वॅट कशाला, हे मला कोणी पटवू शकलं नाही. अशक्ताला सशक्ताच्या बरोबरीला आणायला तेवढे लागत नाहीत. ते सशक्ताला आणखी पुढे काढायला लागतात. सात-साडेसातशेवर थांबवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी. (माझं मत कोणी विचारलं नव्हतं, पण चहा माझा होता.)

सुतारकाकांचं मत राहिलं. त्यांना सायकल दिली तर ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, “ब्रेक चांगले आहेत.” विषय संपला.

सगळ्यात शेवटी, मी निघायच्या आधीच्या शनिवारी, मॉनिटरनी ती जावयांना दिली. शाउइन्सलांडचं त्यांनाही लागलं असावं, कारण स्वतः बारक्याच्या जुन्या सायकलीवर बसले आणि रॉसकॉप्फचा अर्धा चढ ढकलत नेला म्हणे. बारक्याला बाकी त्या दिवशी फार आनंद झाला.

लेकीने जावयांना दारातच विचारलं, कशी आहे? आम्हाला वाटलं आता जोर, बॅटरी, आकडे सुरू होतील. जावई बूट काढता काढता म्हणाले, “सुताराचा मुलगा कारखाना सोडून परत बापाच्या हाताखाली आलाय. आणि त्याच्या बायकोची आई इथेच राहायला येणार आहे.” लेक म्हणाली, अहो, सायकल! तेव्हा कळलं की त्यांनी मोटार सर्वांत खालच्या पायरीवर ठेवली होती, आणि सुतारकाकांच्या शेजारून त्यांच्याच वेगाने, सबंध चढ बोलत बोलत गेले होते. घड्याळातला आकडा शेवटपर्यंत खालीच. “दोन वर्षांत पहिल्यांदा चढावर बोलता आलं मला,” ते म्हणाले, आणि अंघोळीला गेले. लेक माझ्याकडे बघून काही बोलली नाही. चिवड्याचा डबा मात्र तिने काढला.

ॲम्फ्लो काही त्यांनी घेतली नाही. किंमत हे एक कारण आणि लेक हे दुसरं. या वसंतात त्यांनी दुकानातली चाचणीसाठी वापरलेली, बॉशच्या मोटारीची एक सायकल घेतली, बरीच स्वस्त. तिचा जोर फोनवरून ८५ चा १०० करता येतो, दुकानदाराने करून देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. मॉनिटरना हे अजून समजलेलं नाही. फोनवर लेक सांगत होती, पहिल्याच शनिवारी सुतारकाकांनी आपली हत्यारांची पिशवी, पावसाचं जाकीट आणि दोन लिटरची पाण्याची बाटली काही न विचारता यांच्या सायकलला बांधून टाकली.